राजाचा हुकूम आणि शेतकऱ्याची पावती

(नांदेड जिल्ह्यातल्या एका गावी, प्रौढ साक्षरता वर्गाच्या शेवटच्या दिवशी एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आज तुमचा वर्ग पुरा झाला. दिवसभर रानात राबून, रात्री दिव्याखाली पाटी घेऊन बसणं सोपं नाही. हात नांगराला सरावलेला असतो, त्याला पेन्सिल जड जाते. तरी तुम्ही नेट लावलात. तुमचं कौतुक करायला मी आलो आहे. पण नुसतं कौतुक करून जाणार नाही. एक गोष्ट सांगणार आहे.

ही पत्र्याची पेटी बघा. माझ्या आज्याची आहे. तिच्यात एक कागद आहे. तो मी तुम्हाला शेवटी दाखवतो. आधी त्या कागदामागची हकिकत ऐका.

खळ्यावरची रास

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी जुनं खळं पाहिलं असेल. ज्वारीची मळणी झाली, वारं देऊन रास पडली, की खळ्यावर माणसं जमायची. सुतार यायचा, लोहार यायचा, कुंभार, न्हावी, परीट यायचे. हे बलुतेदार. त्यांनी वर्षभर काम केलेलं असायचं. त्यांना सुपानं धान्य घालायचं. मग गुरव यायचा, जोशी यायचा, मुल्ला यायचा. देवाधर्माचं म्हणून त्यांनाही घालायचं. मग सावकार यायचा. त्याला सुपानं भागत नसे, त्याची पोती असत.

आणि सगळ्यांत मोठे वाटेकरी दोन. एक सारा आणि दुसरा खंड.

सारा म्हणजे काय? जमिनीबद्दल सरकारला द्यायचा पैसा. त्याला शेतसारा म्हणतात.

खंड म्हणजे काय? जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल आणि आपण ती कसत असू, तर मालकाला द्यायचं धान्य किंवा पैसा. कसणाऱ्याला कूळ म्हणतात.

आता तिसरी गोष्ट. जुन्या राजांनी देवळांना, मठांना, दर्ग्यांना, मशिदींना जमिनी दिल्या. कुणाला जमीनच दिली. कुणाला नुसता सारा दिला. म्हणजे असं, की शेत शेतकऱ्याचं, पण त्याचा सारा सरकारात न जाता देवस्थानाकडे जायचा. यालाच देवस्थान इनाम म्हणतात. दिवाबत्ती चालावी, पूजा व्हावी, उरुसाला आलेल्या फकिराला जेवण मिळावं, यासाठी हे दिलं. हेतू चांगला होता. पण वसूल करायला देव स्वतः येत नाही. देवाच्या नावानं माणूस येतो. माणूस चांगला असला तर ठीक. नसला तर रयतेला बोलायची सोय नाही. सरकारविरुद्ध तक्रार करता येते. देवाविरुद्ध कुठं करायची?

हे आपल्याच देशात होतं असं समजू नका. युरोपात चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांची धर्मसंस्था. तिला शेतकऱ्यानं पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, असा रिवाज तिथं शेकडो वर्षं होता. दहा पेंढ्यांतली एक पेंढी चर्चची. त्याला दशांश म्हणत. त्यावर जमीनदाराचं देणं वेगळं आणि राजाचा कर वेगळा. शेतकरी गोरा असो की काळा, खळ्यावरची गर्दी सगळीकडे सारखीच.

मक्ता कसा चाले

आता आपल्या मुलखाकडे येऊ. नांदेड, लातूर, परभणी, बीड, संभाजीनगर, धाराशिव हा सगळा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता.

निजामाच्याही आधी, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं या बाजूला जमाबंदी घातली होती. हा हबशी माणूस. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. पुढं राज्याचा कारभारी झाला. त्यानं जमिनीची प्रत पाहिली, पीक पाहिलं, आणि त्याप्रमाणे सारा ठरवला. मक्तेदारांकडून वसुली काढून घेतली. १६२६ साली तो वारला. त्याचा धारा शेतकरी पुढं पिढ्यान् पिढ्या आठवत राहिले.

पण चांगली वहिवाट मोडायला वेळ लागत नाही. निजामाच्या अमलात पुन्हा मक्ता आला. मक्ता म्हणजे काय ते सांगतो. बाजाराचा लिलाव होतो ना, तसा वसुलीचा लिलाव. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला तालुका. त्यानं ती रक्कम सरकारात भरायची, आणि मग रयतेकडून हवी तेवढी काढायची. त्याला पुढल्या वर्षी तालुका मिळेल याची खात्री नाही. मग तो शेताची काळजी कशाला करील? भाड्यानं आणलेल्या बैलाला कोण पेंड घालतो?

राज्याला कर्ज झालं होतं. तालुकेच्या तालुके सावकारांकडे आणि फौजेच्या सरदारांकडे गहाण पडले होते. अशा वेळी, १८५३ साली, सालारजंग नावाचा माणूस दिवाण झाला. वय अवघं चोवीस. राजा निजाम, पण कारभार सालारजंगाच्या हातात. तीस वर्षं, म्हणजे १८८३ साली मरेपर्यंत, त्यानं कारभार पाहिला.

त्यानं काय केलं? गहाण पडलेले तालुके सोडवले. मक्ते काढून टाकले आणि पगारी अंमलदार नेमले. १८६५ साली राज्याचे जिल्हे पाडले. प्रत्येक जिल्ह्याला एक अव्वल तालुकदार दिला. आज ज्याला आपण कलेक्टर म्हणतो, तोच हा. शेजारच्या मुंबई इलाख्यात जमिनी मोजून सारा ठरवत, तशी मोजणी पुढं मराठवाड्यातही सुरू झाली. शेताला नंबर पडला. नंबराला आकार पडला. आकार म्हणजे त्या शेताचा ठरलेला सारा. आता अमुक नंबराला अमुक रुपये, असं कागदावर आलं.

कागदावर आलं, हे ध्यानात ठेवा. आपली गोष्ट इथंच अडते.

कागद कुणाला वाचता येत होता?

निजामाच्या राज्यात दरबाराची भाषा फारसी होती. १८८० नंतरच्या काही वर्षांत ती बदलून उर्दू झाली. मराठवाड्यातली रयत मराठी बोलणारी. गावचं दप्तर मराठीत, तेही बहुतेक मोडी लिपीत. म्हणजे वरचा हुकूम उर्दूत, खालचं खातं मोडीत, आणि शेतकऱ्याला दोन्ही येत नाहीत. हुकूम हैदराबादेत निघायचा. गावात यायचा तो पाटील-पटवाऱ्याच्या तोंडून. ते सांगतील तो हुकूम, ते म्हणतील तो आकार.

सगळेच पाटील-पटवारी वाईट होते असं मी म्हणत नाही. दुष्काळात रयतेच्या बाजूनं उभे राहिलेलेही होते. पण आपलं पोट दुसऱ्याच्या चांगुलपणावर ठेवणं बरं नाही.

दुसरी अडचण याहून मोठी होती. सालारजंगाच्या सुधारणा साऱ्या राज्याला लागू नव्हत्या. राज्याचे तीन भाग समजा. एक भाग दिवाणीचा, म्हणजे सरकारचा. तो शंभरात सुमारे साठ. दुसरा भाग जहागिरीचा, सुमारे तीस. यात पायगा आल्या, लहानमोठे जहागीरदार आले. आणि उरलेला सुमारे दहा खुद्द निजामाच्या खासगी खर्चाचा. त्याला सर्फ-ए-खास म्हणत. त्या मुलखाचा वसूल राज्याच्या खजिन्यात जात नसे. तो निजामाच्या घरात जाई.

दिवाणी गावाला निदान मोजणी होती, नंबर होता. पुष्कळ जहागिरींत तेवढंही नव्हतं. मोठ्या जहागीरदारांचे स्वतःचे पोलीस आणि स्वतःची कचेरी असे. तक्रार करायची ती त्याच्याविरुद्ध आणि त्याच्याकडेच.

आमचं गाव जहागिरीचं होतं. ओढ्यापलीकडचं गाव दिवाणीचं. माती एकच, पाऊस एकच, ज्वारीही एकच. पण ओढ्याच्या अलीकडे सारा जास्त. वर जहागीरदाराच्या घरी लग्न निघालं तर पट्टी. सण आला तर नजराणा. त्याची माणसं गावात उतरली की कडबा, दूध, कोंबडी फुकट. आणि वेठ. आपली पेरणी पडून राहो, आधी बैल घेऊन त्याच्या रानात जायचं. माझी आजी म्हणायची, "बाप्पा, त्या ओढ्याला गुडघाभर पानी व्हतं, पन आमाला ती गंगाच व्हती. ओलांडून जाताच येत नव्हतं."

कोल्हापूरचा राजा

त्याच काळात आपल्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याला, कोल्हापूरचं संस्थान होतं. तिथं शाहू महाराज राज्य करीत होते. १८९४ साली ते गादीवर आले आणि १९२२ साली वारले. त्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ज्या दोन ठिकाणी हात घालायला राजे भितात, तिथंच त्यांनी हात घातला. एक ठिकाण देवाचं उत्पन्न आणि दुसरं ठिकाण वतन.

कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचं गाव. देवस्थानं मोठी, मठ मोठे, इनामं मोठी. शाहू महाराजांचं म्हणणं साधं होतं. हे उत्पन्न येतं कुठून? रयतेच्या घामातून. मग ते रयतेच्या कामी आलं पाहिजे. १९१७ साली त्यांनी देवस्थानांच्या उत्पन्नातला पैसा शिक्षणाकडे वळवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो बाप पोराला शाळेत धाडणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई.

मग १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतन बंद केलं. कुलकर्णी म्हणजे गावचं दप्तर लिहिणारा. बापाचं काम मुलाकडे, मुलाचं नातवाकडे. गावात लिहिणारं घर एकच. म्हणून त्या घराचा शब्द शेवटचा. महाराजांनी त्या जागी पगारी तलाठी नेमले. लिहिण्याचं काम एका घराच्या मक्त्यातून बाहेर काढलं. महार वतनही त्यांनी त्याच वर्षी मोडलं. या वतनात थोडी जमीन देऊन सगळ्या समाजाला पिढ्यान् पिढ्या गावकीच्या आणि सरकारच्या कामाला बांधून ठेवलं होतं. त्या जमिनी त्यांनी रयताव्यानं त्या त्या माणसाच्या नावावर केल्या. आता तोही इतर शेतकऱ्यांसारखा सारा भरणारा खातेदार. कुणाच्या हाळीला 'जी' म्हणून धावायला तो बांधलेला नाही.

बघा मंडळी, या राजानं एक गोष्ट ओळखली होती. नुसता सारा कमी करून भागत नाही. कमी केलेला सारा रयतेला वाचताही आला पाहिजे. म्हणून देवाचा पैसा त्यांनी शाळेत आणला.

राजा गेला म्हणजे?

आता एक शंका तुमच्या मनात येईल. राजा चांगला होता म्हणून झालं. वाईट निघाला तर?

याचंही उदाहरण इतिहासात आहे. युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. तिथं दुसरा योसेफ नावाचा बादशहा होता. त्यानं लोकांच्या उपयोगी न पडणारे शेकडो मठ बंद केले आणि त्यांची संपत्ती एका धर्मनिधीत घातली. नंतर १७८९ साली त्यानं जमिनीबद्दल मोठा हुकूम काढला. तो असा: पिकाच्या शंभर हिश्शांतले सत्तर शेतकऱ्याचे. राजाचा कर आणि जमीनदाराची देणी मिळून तीसच्या वर जाता कामा नये. आणि वेठ नको, पैसा घ्या.

हुकूम सोन्यासारखा होता. पण जमीनदार खवळले. पुढच्याच वर्षी, १७९० च्या फेब्रुवारीत, बादशहा वारला. मागून त्याचा भाऊ गादीवर आला. त्यानं काही महिन्यांत तो हुकूम परत घेतला. शेतकऱ्यांच्या पाठीवर पुन्हा ते ओझं आलं. ते खाली उतरायला १८४८ साल उजाडलं. मध्ये अठ्ठावन्न वर्षं गेली. ज्या बापानं सत्तर हिश्शांचा हुकूम ऐकला, तो ते सत्तर हिस्से न पाहताच मातीत गेला असेल.

राजाच्या मर्जीनं मिळालेलं राजाबरोबर जातं, ते असं. म्हणून लोकांना कायदा लागतो. आणि कायदा टिकवायला तो वाचणारी माणसं लागतात.

ओढा ओलांडला

आपल्याकडे हे कसं झालं ते आता ऐका.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढारपणाखाली लोक लढले. पुष्कळांनी तुरुंग भोगला, कित्येकांनी जीव दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मोकळं झालं. म्हणून आपण त्या दिवशी मराठवाडा मुक्तिदिन पाळतो.

पुढं १९४९ च्या फेब्रुवारीत निजाम मीर उस्मान अली खान याच्याच सहीनं फर्मान निघालं. त्याचा खासगी मुलूख, म्हणजे सर्फ-ए-खास, सरकारी मुलखात मिळवला गेला. हे त्यानं आपखुशीनं केलं असं नाही. वारं फिरलं होतं. बदल्यात त्याला दरसाल पंचवीस लाख रुपये ठरले. पण राजाचा खासगी वसूल संपला, ही गोष्ट लहान नव्हती. मग १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला. १९५० साली कूळकायदा आला. त्यानं खंडाला मर्यादा घातली आणि कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिलं. १९५४ च्या कायद्यानं इनामंही रद्द व्हायला लागली. देवस्थानाच्या आणि धर्मादाय इनामांचा विचार मात्र वेगळा ठेवला गेला. म्हणून अशा जमिनी आपल्या भागात आजही आहेत. त्यांना खिदमतमाश असं जुनं नाव आहे.

आमचा आजा १९५० साली पहिल्यांदा सरकारात सारा भरायला गेला. जहागीर गेली होती. वेठ गेली होती. आजा नवं धोतर नेसून गेला होता, असं आजी सांगायची. वसुलीच्या माणसानं सांगितलं, "अठरा रुपये." आज्यानं कनवटीचे अठरा रुपये मोजून दिले. त्या माणसानं एक कागद दिला. पावती. आज्याच्या साठ वर्षांच्या आयुष्यातली पहिली पावती. जहागिरीत त्याला कुणी कधी कागद दिला नव्हता.

आजा तो कागद डोक्याला लावून घरी आला. आजीनं कुंकू लावलं. आज्यानं बाजारातून काच बसवून आणली आणि पावती देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली. रोज सकाळी देवाला फूल वाहायचं, आणि एक फूल पावतीला. मी रांगायला लागल्यापासून तो कागद देवच समजत होतो.

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. गुरुजींनी वाचनाचं वेड लावलं होतं. भिंतीवरचं, पुडीवरचं, दिसेल ते वाचायचो. एके दिवशी देवघरात गेलो आणि पावती वाचायला लागलो. आधी लक्षात आलं की ती उलटी बसवली आहे. आठ वर्षं खालचं वर आणि वरचं खाली करून आम्ही तिला फुलं वाहत होतो. मी हसलो, ती सरळ धरली आणि मोठ्यानं वाचली. आज्याचं नाव. गावाचं नाव. आणि पुढं: रुपये अकरा.

आजा ओसरीवर बसला होता. म्हणाला, "काय म्हन्लास?"

मी पुन्हा वाचलं. "रुपये अकरा."

"नीट वाच लेकरा. अठरा असतील."

मी तिसऱ्यांदा वाचलं. आकड्यात वाचलं, अक्षरात वाचलं. अकराच होते.

आजा खूप वेळ बोलला नाही. आजी चुलीपासून उठून दाराशी आली. तिलाही कळलं. मग आजा उठला, देवघरात गेला, काच काढली आणि तो कागद या पेटीत ठेवला. म्हणाला, "देवाजवळ खोटं नको."

जहागीरदार गेला होता. कायदा चांगला झाला होता. पावतीसुद्धा मिळाली होती. तरी सात रुपये गेले. ते जहागीरदारानं नेले नाहीत, देवानं नेले नाहीत. आज्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून ते गेले. आणि त्या वर्षी गावातल्या आणखी किती जणांचे गेले, ते कुणी मोजलंच नाही. मोजणार कोण?

दुसऱ्या दिवशी आजा माझ्यासमोर येऊन बसला. हातात माझीच पाटी. म्हणाला, "मला आकडे शिकीव. बाकीचं राहू दे. आकडे शिकीव." अडुसष्ट वर्षांचा माणूस. बोटं वळत नव्हती. चार महिन्यांत शंभरापर्यंत आकडे वाचायला लागला. पुढच्या सालचा सारा भरायला गेला तेव्हा पावती हातात घेऊन तिथंच उभा राहिला. आकडा वाचला. मग म्हणाला, "बरोबर हाय." आणि घरी आला. त्या वर्षी त्याच्याकडून एक पैसाही जास्त घेतला गेला नाही. भांडण झालं नाही, तक्रार झाली नाही. आज्यानं आकडा वाचला, एवढंच.

आता तुम्ही काय वाचायचं

मंडळी, आज जहागीरदार नाही. शेतसाराही आता थोडा आहे. पण कागद पुष्कळ वाढले आहेत. म्हणून वाचायला शिकलात, तर या गोष्टी आधी वाचा.

पहिली गोष्ट, आपला सातबारा. सात म्हणजे जमीन कुणाच्या नावे, किती, कोणत्या हक्कानं. बारा म्हणजे पिकाची नोंद. नाव बरोबर आहे का? क्षेत्र बरोबर आहे का? इतर हक्कांत कुणाचा बोजा चढला आहे का?

दुसरी गोष्ट, भोगवटादार वर्ग. तिथं वर्ग दोन असेल तर जपून. जमीन इनामाची किंवा देवस्थानाची असू शकते. अशी जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता-घेता येत नाही. कुणी स्वस्तात देतो म्हणाला, तर आधी सातबारा वाचा, मग इसार द्या. नियम बदलत असतात. म्हणून तहसीलात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा.

तिसरी गोष्ट, फेरफार. वडील गेले, वाटण्या झाल्या, खरेदी झाली, की फेरफार होतो. त्याची नोटीस येते. ती वाचल्याशिवाय सही करू नका, अंगठाही देऊ नका. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव बदललं, तरी त्याला विचारायचा तुमचा हक्क तोच आहे.

चौथी गोष्ट, पावती. सारा भरा, कर्ज फेडा, बी-बियाणं आणा, देवस्थानाला खंड द्या. पावती घ्या आणि तिथंच उभं राहून आकडा वाचा. घरी नेऊन वाचू म्हणू नका.

बायांनो, तुम्हाला एक वेगळं सांगतो. घरी जाऊन सातबारा काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. नवऱ्यामागं, बापामागं तुमचं नाव लागलं पाहिजे. रानात निम्मं काम तुमचं. कागदावर तुम्ही कुठं आहात ते स्वतः वाचा. दुसऱ्यानं "हाय, हाय" म्हटलं तेवढ्यावर राहू नका.

आता हा कागद. ही बघा ती पावती. पिवळी पडली आहे, घडीवर फाटली आहे. कुंकवाचा डाग अजून आहे. पुढं बसलेल्या काकू, तुम्ही या. चष्मा आणलाय ना? हा कागद धरा. सरळ धरा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचा.

...बरोबर. रुपये अकरा.

माझ्या आज्याला जे वाचायला आठ वर्षं लागली, ते तुम्ही आत्ता वाचलंत. आज घरी गेल्यावर पेटी उघडा. त्यातले सगळे कागद बाहेर काढा. आणि एकेक कागद, सावकाश, मोठ्यानं वाचा.